मखमली शेंगा

आठ मुलं दवानं भिजलेल्या गवतात अनवाणी उभी होती आणि एकही रडत नव्हतं. ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांना यात काय विशेष ते कळायचं नाही. शलाका शिंत्रेला विचारा. तिच्या मिहिकाच्या पायाला गवताचं एक पातं लागलं, की ती पाय पोटाशी घेऊन असा सूर लावायची की शेजारची माणसं दारात येऊन उभी राहायची. चार वर्षं शलाकेनं मुलीला बागेत नेलं नव्हतं. आता तीच मिहिका, वय वर्षं नऊ, घोट्यापर्यंत ओल्या गवतात उभी होती आणि आई बाकावर बसून गरम चहा पीत होती. चहा गरम असताना प्यायला मिळणं हीच मुळात तिच्या आयुष्यातली नवी गोष्ट होती.

जागेचं नाव रानवाडी. आजऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला चार एकर रान, मधून ओढा, कडेनं तारेचं कुंपण. स्वमग्न मुलांनी माती, पाणी, पालापाचोळा, दगडगोटे यांच्याशी उघड्यावर खेळावं, हळूहळू जगाची भीती कमी व्हावी, यासाठी ती काढलेली. कल्पना जुनीच होती. पूर्वी एका मुलामागं एक माणूस असे. मुलानं हात मागं घेतला की खेळ थांबे. वाळूत पायाचा एक अंगठा टेकवायला तीन तीन महिने जात. आईबाप कंटाळत, शिकवणारे हात टेकत. मग टिकली आली आणि तीन महिन्यांचं काम एका सकाळीत व्हायला लागलं.

कागदोपत्री तिचं नाव संवेदन-मंदक. कंपनीनं ठेवलेलं ते नाव कोणी घेत नसे. नखाएवढी, कातडीच्या रंगाची चकती, उजव्या कानामागं चिकटवायची. तिथून जाणाऱ्या एका मज्जातंतूला ती बारीक बारीक ठोके देत राहते. कातडीवरून, कानातून, डोळ्यांतून येणारी बातमी मेंदूपर्यंत पोचते, पण मेंदू ती मनावर घेत नाही. पाच पायऱ्या होत्या, एकपासून पाचपर्यंत. हीच टिकली मुलाच्या काळजाचे ठोके, श्वास, घाम मोजायची आणि मोबाइलवर एक वर्तुळ दाखवायची. हिरवं म्हणजे मूल मजेत. पिवळं म्हणजे जरा जपा. लाल म्हणजे खेळ बंद. सोपं होतं. आईबापांना सोपं हवंच असतं, त्यात त्यांची चूक काय?

"लई गप झाल्यात पोरं," तानूआक्का एकदा म्हणाली होती. तानूआक्का रानवाडीची झाडलोट करायची, पाणी भरायची, ओढ्याकाठी साप दिसला की तिलाच हाक मारायची. साठीची, बुटकी, बोलायला कडक.

"गप नाही आक्का, शांत झालीत," शलाका म्हणाली.

"आसंल," आक्का म्हणाली आणि खराटा घेऊन निघून गेली. सत्र चालू असताना तिला कुंपणाच्या आत यायची बंदी होती. अनोळखी हालचाल झाली की मुलं बिचकतात, म्हणून नियमच तसा होता.

शलाका डेपोत वाहतूक नियंत्रक होती. दिवसभर कर्ण्यावरून गाड्यांचे पुकारे करायची. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, महिन्यातून दोनदा यायचा. मिहिका बोलत नसे. तिच्याकडं होता तो एक सूर, दात मिटून काढलेला लांब ईंऽऽ. बाकी जगाला तो एकच वाटायचा. आईला त्यातले चार वेगवेगळे कळायचे. लोकरीचा वेगळा, ओल्या कपड्याचा वेगळा, गर्दीचा वेगळा, आणि भुकेचा अगदी बारीक, शेवटी वर जाणारा. स्वयंपाकघरातून न बघता ती सांगायची, बाहीची शिवण टोचतेय तिला. आणि बाहीची शिवणच टोचत असायची.

टिकली लावल्यापासून चौदा महिन्यांत तो सूर घरात ऐकू आला नव्हता. खरं सांगायचं तर शलाकेला त्याची आठवणही झाली नव्हती. टिकली सुरुवातीला दोनवर होती. मग निपाणीला भाच्याचं लग्न निघालं. बँड, फटाके, चारशे माणसं. शलाकेनं टिकली चारवर नेली. मिहिका पाच तास खुर्चीत बसून राहिली, नातेवाइकांनी तिच्या गालाला हात लावले, फोटो काढले. "किती सुधारली गं पोरगी," असं अकरा जणींनी म्हटलं. त्यानंतर पायरी पुन्हा दोनवर आणायची राहून गेली, असं शलाका स्वतःला सांगायची. राहून वगैरे काही गेलं नव्हतं.

रानवाडीत मुलांना खेळवणारी केतकी बर्वे पुण्याची. सत्तावीस वर्षांची, मन लावून काम करणारी. पुढं जे झालं त्यात तिला नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो, केतकी वाईट नव्हती. दर गुरुवारी ती पोताची टोपली करायची. स्पर्शाचे नवे नवे प्रकार मुलांच्या हाती द्यायचे, म्हणून कधी सागाची खरबरीत पानं, कधी सावरीचा कापूस, कधी ओढ्यातले गुळगुळीत गोटे. आदल्या दिवशी ती स्वतः डोंगरात फिरून हे सगळं जमवायची, तेही हातमोजे घालून. मुलांना द्यायच्या वस्तूला उघडा हात लावायचा नाही, हा स्वच्छतेचा नियम तिनं एकदाही मोडला नव्हता. मोडला असता तर बरं झालं असतं.

त्या बुधवारी, जानेवारीत, तिला डोंगराच्या वळणावर एका वेलीला लटकलेल्या शेंगा दिसल्या. बोटाएवढ्या, जरा वाकड्या, आणि अंगावर सोनेरी तपकिरी लव, उन्हात चमकणारी. इतकं मऊ काही तिनं रानात बघितलंच नव्हतं. लांब कात्रीनं तिनं पंचवीसेक शेंगा कापल्या आणि टोपलीत घेतल्या. घरी गेल्यावर मानेला खाज सुटली होती. तिला वाटलं, डास.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मुलं गोल करून चटईवर बसली. टोपली फिरली. एकेकानं शेंग उचलली, बोटं फिरवली, तळहातावर घासली. केतकीच्या हातातल्या मोठ्या पडद्यावर आठ वर्तुळं होती आणि आठही हिरवी होती.

"बघा," ती हळू आवाजात पालकांना म्हणाली, "नवा स्पर्श आहे, आणि कोणीही बिचकलं नाही."

मिहिकाला मऊ गोष्टी आवडायच्या, अगदी तान्ही असल्यापासून. तिनं शेंग गालावरून फिरवली. मग दुसरी घेतली, दोन्ही गालांवरून फिरवली, मानेवरून फिरवली. मग डोळे मिटले आणि पापण्यांवरून हळू हळू फिरवत राहिली. शलाकेला भरून आलं. तिनं मोबाइल काढून चित्रीकरण केलं आणि नणंदेला पाठवलं. खाली लिहिलं, बघा आमची राणी. ते चित्रीकरण एक मिनिट चाळीस सेकंदांचं आहे. ते तिनं पुढं पुसूनही टाकलं नाही आणि परत कधी बघितलंही नाही.

बारा मिनिटं टोपली फिरत होती. मुलांचे हात लाल दिसायला लागले, गाल लाल दिसायला लागले. केतकीला वाटलं, सकाळचा गारठा आहे. पडदा हिरवा होता.

दहाला सत्र संपायचं, तेव्हा तानूआक्का पाण्याची कळशी घेऊन फाटकापाशी येऊन थांबायची. त्या दिवशी ती जरा लवकर आली. फाटकातून तिनं चटईकडं बघितलं आणि कळशी खाली ठेवून, नियम बाजूला सारून, सरळ आत चालत आली.

"ह्या शेंगा कुणी आणल्या?"

"मीच आणल्या आक्का. का?" केतकी म्हणाली. "तुम्ही आत्ता आत यायचं नाही ना."

"खाजकुयली हाय ती, बाई."

ज्यांनी खाजकुयली बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या मखमलीतलं एकेक कूस म्हणजे सुई असते. अंगाला लागली की माणूस कपडे फाडतो, दगडावर पाठ घासतो, रक्त आलं तरी थांबत नाही. गुरं राखणारी धट्टीकट्टी माणसं त्यापायी ढसाढसा रडलेली आक्कानं बघितली होती. आणि इथं आठ लेकरं शेंगा हातात घेऊन बसली होती. हातांवर, मानांवर, गालांवर गांधी उठल्या होत्या, काहींची बोटं सुजून जाड झाली होती. एकही मूल खाजवत नव्हतं.

आक्का खाली बसली. तिनं ओवी होडगे नावाच्या सहा वर्षांच्या पोरीचा हात उलटा करून बघितला. "ही पोरं खाजवत का न्हाईत?" तिनं विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता तिचा. साप हातानं उचलून टाकणारी बाई ती, पण त्या वेळी घाबरली.

मग एका बापानं पाण्याची बाटली उघडली, तेव्हा आक्कानं त्याचा हात धरला. "पानी नगं. चोळू नगा. कुसं आत जात्यात. शेन आना पलीकडच्या गोठ्यातनं, ओलं. शेन वाळलं की कुसं घिऊन निघतंय." पुढची वीस मिनिटं सगळे आईबाप आपापल्या मुलांना शेणानं लिंपत होते, आणि मुलं शहाण्यासारखी लिंपून घेत होती. एरवी यातल्या कुठल्याही मुलाला साबणाचा फेससुद्धा सहन होत नसे.

"टिकल्या काढू नका," केतकी रडत रडत म्हणत होती. "आत्ता काढल्या तर सगळं एकदम अंगावर येईल त्यांच्या." ते बरोबरच होतं.

मिहिकाचा डावा डोळा तोवर पूर्ण मिटला होता. पापणी लिंबाएवढी सुजली होती आणि कडेनं पाणी गळत होतं. डोळ्याला शेण लावता येत नाही. आक्कानं शलाकेकडं बघून नुसती मान हलवली, आणि शलाका मुलीला उचलून फाटकाकडं धावली.

गडहिंग्लजला डॉ. हत्तरकी म्हणून डोळ्यांच्या वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मिहिकाला खुर्चीत बसवलं, पापणी उचलायचा प्रयत्न केला आणि थांबल्या. मुलगी पुतळ्यासारखी बसून होती.

"हिला दुखत नाही?"

शलाकेनं टिकलीचं सांगितलं.

"काढा ती," बाई म्हणाल्या. "कुसं डोळ्याला न दिसणारी असतात. मी कुठं हात लावल्यावर ही झटका देते, त्यावरून मला कळणार ती कुठं रुतलीत ते. हिनंच मला सांगायला पाहिजे."

शलाकेनं मिहिकाला मांडीवर घेतलं. दोन्ही हातांनी घट्ट धरलं, कारण आता काय होणार ते तिला ठाऊक होतं. मुलगी उसळणार, किंचाळणार, डोकं आपटणार. तिनं नखानं टिकली उचलली आणि सोलून काढली. एक मिनिट गेलं. बाईंनी मिहिकाच्या मनगटावर बोटं ठेवली. दोन मिनिटं गेली, पाच गेली.

मिहिकाचं सगळं अंग थरथरायला लागलं. कपाळावर घाम फुटला, दुसऱ्या डोळ्यातूनही पाणी वाहायला लागलं. आईच्या मांडीवर तिचे पाय काठीसारखे ताठ झाले. पण तोंड मिटलेलं होतं. तिनं हात डोळ्याकडं नेला नाही, मान वळवली नाही. बाईंनी पापणी उलटली तेव्हाही नाही.

"नाडी दीडशेच्या वर आहे," डॉ. हत्तरकी म्हणाल्या. "खूप दुखतंय हिला."

"मग ओरडत का नाही?" शलाकेनं विचारलं. "बाई, ही ओरडते. तुम्हाला माहीत नाही, ही फार ओरडते."

बाईंनी भिंग डोळ्याशी नेलं. मग म्हणाल्या, "मूल ओरडतं ते कोणीतरी येईल म्हणून. ओरडलं की हात मागं घेता येतो, आई उचलते, त्रास थांबतो, हे ते शिकलेलं असतं. चौदा महिने हिला ओरडावंही लागलं नाही आणि कोणी आलंही नाही. वापर नसला की अशा गोष्टी जातात. परत येतात का, ते मला सांगता यायचं नाही."

त्यांनी तासभर खपून अंदाजानं कुसं काढली. सगळी निघाली नाहीत. दोन आठवड्यांनी सूज उतरली तेव्हा बुबुळावर पांढुरका डाग होता. डाव्या डोळ्यानं मिहिकाला आता धुरकट दिसतं. बाकीची सात मुलं चार दिवसांत बरी झाली.

फेब्रुवारीत कंपनीचा माणूस आला. रानवाडीच्या पडवीत पालकांची बैठक झाली. माणूस सभ्य होता. त्यानं माफी मागितली आणि सांगितलं, यापुढं रानातली वस्तू आधी गावातल्या जाणत्या माणसाला दाखवू, टिकली तीनच्या वर जाणार नाही.

"पण वर्तुळ हिरवं कसं होतं?" शलाकेनं विचारलं.

"वर्तुळ बरोबर होतं, ताई. शरीरात ताण नव्हता, म्हणून हिरवं."

"ताण टिकलीनंच दाबलेला होता."

"टिकलीचं कामच ते आहे," तो म्हणाला.

म्हणजे तापाची गोळी द्यायची, मग ताप मोजायचा, आणि ताप नाही म्हणून खूश व्हायचं. शलाकेला ते तिथं बसल्या बसल्या लख्ख कळलं. बाकीच्यांनाही कळलं असणार. सगळी शिकलेली माणसं होती. तरी आठांपैकी सात घरांनी टिकलीच्या करारावर पुन्हा सह्या केल्या, शलाकेनं केली नाही. ओवीचा बाप, नारायण होडगे, शलाकेशेजारी बसला होता. सही करून त्यानं कागद पुढं सरकवला.

"ताई, मला बोल लावू नका," तो म्हणाला. "टिकली काढून बघितली आम्ही चार दिवस. ओवीनं स्वतःचे केस उपटले. तिच्या आईला चावली. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिच्या कानावर दिवसरात्र ते किंचाळणं. मी काय करू, तुम्ही सांगा."

चौदा महिने शलाका स्वतः हेच करत होती. आणि तिच्या मनात आलेली गोष्ट त्याच्यापाशी बोलायची सोय नव्हती. तिला होडग्यांचा हेवा वाटला होता. त्यांची ओवी ओरडली होती.

केतकीनं नोकरी सोडली. पुण्याला परत जाण्याआधी ती शलाकेच्या घरी आली, दाराशीच उभी राहिली. शलाका तिला आत ये म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.

"जुन्या पद्धतीनं सुरू करू या," केतकी म्हणाली. "टिकली नको. मी दर शनिवारी येईन, माझी मी. रोज एकच वस्तू. तिनं हात मागं घेतला की लगेच थांबायचं. म्हणजे तिला कळेल की तिचा नकार ऐकला जातो."

"आणि तिनं हात मागं घेतलाच नाही तर?"

केतकी पिशवीतून वही काढायला लागली.

"ती आता काहीही नको म्हणत नाही, केतकी. परवा मी तिला कढत दुधाचा पेला दिला, चुकून. तिनं धरून ठेवला. मी बघेपर्यंत धरून ठेवला. तू थांबणार कशावरून?"

ते सगळं खरं होतं. जुनी पद्धत, नवी पद्धत, सगळ्या पद्धती मुलाच्या नकारावर उभ्या होत्या, आणि इथं नकारच उरला नव्हता. केतकी गेली. शनिवारी मात्र ती खरंच पुण्याहून आली, पुढच्या शनिवारीही आली. मिहिकासमोर रेती ठेवायची आणि तिच्या खांद्यांकडं, बोटांकडं, श्वासाकडं बघत बसायची. वहीत लिहायची, आज काही नाही. शलाकेनं तिला आत घ्यायला सुरुवात केली, चहा द्यायला सुरुवात केली. राग जात नव्हता, पण दुसरं कोणी येतही नव्हतं.

मार्चमधला एक रविवार. दुपारचे चार वाजले होते. मिहिका परसात शेवग्याखाली बसून खडे एका रांगेत लावत होती. शलाका पायरीवर बसून तिच्याकडं बघत होती. आता ती तेवढंच करायची, बघायची. कामावरून आली की मुलीचा चेहरा, मुलीचे हात, कुठं काही आखडतंय का, कुठं काही हलतंय का. एके काळी स्वयंपाकघरातून न बघता कळायचं, ते आता समोर बसून कळत नव्हतं.

शेवग्याच्या बुंध्यावरून तांबड्या मुंग्यांची ओळ खाली येत होती. पहिली मुंगी मिहिकाच्या पायाच्या अंगठ्यावर चढली.

शलाका उठली. मग परत बसली. आत्ता जाऊन मुंगी झटकली तर मुलीला काही म्हणावंच लागणार नाही. तिच्या वाटचं सगळं आपणच करायचं, तर टिकली काय वाईट होती? नाही झटकली, तर कदाचित म्हणेल. पाय ओढून घेईल. सूर लावेल. चावरी मुंगी आहे, साधी आहे, यानं जीव जात नाही कोणाचा. आपण काय करतोय हे शलाकेला चांगलं समजत होतं, आणि स्वतःची किळस येत होती.

दुसरी मुंगी चढली. तिसरी घोट्यापाशी थांबली आणि चावली असावी, कारण करंगळी हलली. हलली, की आपल्याला तसं वाटलं? मिहिकानं पुढचा खडा उचलला आणि ओळीत ठेवला. ओरड गं बाई, शलाका मनातल्या मनात विनवत होती, एकदा ओरड, मी इथंच आहे, मी लगेच येते.

पायावर आता सहा मुंग्या होत्या. आईनं कितव्या मुंगीपर्यंत थांबायचं असतं?